खाडीमुखावर रावसासाठी एक दिवस : तिथी, जागा आणि आमिष

कातळसडा यांनी विचारले :

नमस्कार. आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र डिसेंबरच्या अखेरीस रत्नागिरीत एकत्र येत आहोत. त्यातला एक पूर्ण दिवस मुचकुंदी नदीच्या मुखाशी, पूर्णगड आणि गावखडी यांच्या दरम्यान, रावस गरवण्यात घालवावा असा बेत आहे. पुलावरून जाणारी वाहने सोडली तर तिथे माणसांची फारशी वर्दळ नसते. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला सुरूचे बन आणि मधे खाडी अशी ती जागा असल्यामुळे, टपऱ्या आणि वाळूवर धावणाऱ्या गाड्या यांपासून दूर राहण्याची आमची इच्छा तिथे पुरी होईल असे वाटते.

मूळ कल्पना आमच्यातील एका मित्राची आहे. तो प्रवासी जहाजावर नोकरीला असून उन्हाळ्याचे महिने त्याचे जहाज अलास्काच्या किनाऱ्याने फिरत असते. तिथे केचिकान बंदरात जहाज लागले की सहकाऱ्यांबरोबर ओढ्याच्या तोंडाशी सॅमन पकडण्यात घालवलेल्या दिवसांची वर्णने आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. मुंबईतील हॉटेलांच्या पत्रकांवर रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, तेवढ्या आधारावर त्याने आता तसाच दिवस कोकणात काढून दाखवण्याचा आग्रह धरला आहे. रावस सॅमनच्या कुळातला नाही हे मला ठाऊक आहे, परंतु बेत चांगला असल्यामुळे मी वाद घातला नाही.

आमच्यापैकी दोघांनी लहानपणी हातदोरीने शेंगटी आणि बोयटे काढली आहेत. रॉड आणि रील मात्र नव्याने घेतले आहेत. अशा मंडळींनी कोणत्या तिथीला जावे, मुखाशी नेमके कुठे उभे राहावे, जिवंत कोळंबी वापरावी की कृत्रिम आमिष, आणि लहान होडी भाड्याने घेऊन मुखाबाहेर जाणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शास्त्रीकाठ यांचे उत्तर :

तुमच्या प्रश्नांपैकी तिथीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो तुम्ही सर्वांत आधी विचारला हे पाहून बरे वाटले. पुष्कळ मंडळी रॉड कोणता घ्यावा इथून सुरुवात करतात आणि पाणी कोणत्या दिशेने वाहते आहे हे किनाऱ्यावर पोहोचल्यावर पाहतात.

आपल्याकडचा जुना हिशोब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या पुढे भरती, तर दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला हाच हिशोब सव्वाअकरावर येतो. वद्य पक्षातही मोजणी प्रतिपदेपासून पुन्हा एकापासूनच करायची. दररोज भरती पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा अधिक वेळ जातो, एवढे ध्यानात ठेवले तर पंचांग हाती असलेला माणूस आठवड्यातल्या कोणत्याही दिवसाचा अंदाज घरबसल्या बांधू शकतो.

आता रावस या वेळांत काय करतो ते पाहू. हा उथळ आणि गढूळ पाण्यात शिकार करणारा मासा आहे. छातीच्या पराखाली चार सुटे तंतू असतात, त्यांनी तो तळाशी चाचपडत कोळंबी आणि लहान मासे शोधतो, त्यामुळे नितळ पाण्याची त्याला गरज भासत नाही. भरतीच्या वेळी कोळंबी आणि बोयटांची पिल्ले पाण्याबरोबर खाडीत आत शिरतात, तिवरांच्या मुळांत आणि चिखलाच्या पट्ट्यांवर पसरतात. ओहोटी लागली की त्यांना तिथून निघावेच लागते, आणि ती सगळी एका अरुंद तोंडातून बाहेर पडत असताना रावस त्या तोंडाशी येऊन थांबतो. खाडीचे मातकट पाणी आणि समुद्राचे हिरवट पाणी जिथे एकमेकांना भिडते तिथे एक रेघ स्पष्ट दिसते. त्या रेघेच्या मातकट बाजूला, कडेला लागून, गळ पडला पाहिजे. ओहोटीचे पहिले दोन-अडीच तास या कामाचे. पुढे पाणी फार उतरले की मासा खोल चरात किंवा थेट बाहेर सरकतो.

पूर्ण ओहोटीच्या वेळी पाणी थबकते तेव्हा जेवून घ्यावे. पुन्हा भरतीचा जोर धरू लागला की मुखाजवळची जागा सोडून समुद्राकडच्या अंगाला, वाळूच्या दांड्याच्या उतारावर यावे, कारण आता मासा बाहेरून आत येताना लाटांच्या फेसाखालून दांड्याच्या कडेने चरत येतो. दिवसभर एकाच ठिकाणी रॉड रोवून बसणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा शेंगटीच येते.

तुमच्या हाती दिवस निवडण्याची मोकळीक असेल तर उधाणाचे, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराच्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचे, दोन-तीन दिवस टाळावेत. त्या वेळी मुखातला प्रवाह इतका जोराचा असतो की शिसे तळाला टिकत नाही आणि काटक्या, पाला, प्लास्टिक असे सारे तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, येऊन अडकते. अगदी भांगाच्या दिवशी, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी सर्वांत कमी असते तेव्हा, पाणी सुस्त असते, त्यामुळे खाडीतून फारसे काही बाहेर पडत नाही. भांग सरून पाणी पुन्हा चढू लागते ती एकादशी किंवा द्वादशी मला पसंत आहे. सकाळी सव्वाआठ ते नवाच्या दरम्यान भरती होते, म्हणजे उजेडात निवांत पोहोचून ओहोटीचा सुरुवातीचा भाग पूर्णपणे मिळतो आणि संध्याकाळच्या चढत्या पाण्याचाही लाभ होतो.

तंगूस यांचे उत्तर :

पाण्याच्या वेळेबद्दल वर आलेले विवेचन मला मान्य आहे. फक्त उधाणाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. उधाणाच्या दिवशी मुखावर उभे राहू नये हे खरे, परंतु त्याच दिवशी खाडीत अर्धा-एक किलोमीटर आत, एखादा बारका ओहोळ मुख्य खाडीला मिळतो त्या ठिकाणी, उत्तम मासा लागतो. तिथे प्रवाह आटोक्यात असतो आणि ओहोळातून कोळंबी बाहेर फेकली जात असते. रावसाबरोबर तांबोशी आणि नशीब असेल तर जिताडाही तिथे मिळतो.

आमिषाविषयी माझ्या मनात काही शंका नाही. नव्याने रॉड हाती घेतलेल्यांनी जिवंत कोळंबीच वापरावी. आदल्या संध्याकाळी खाडीवर पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकणाऱ्या कोणाला सांगून ठेवले तर सकाळी ती मिळते. बादलीत खाडीचेच पाणी घ्यावे, ते उन्हात तापू देऊ नये आणि शक्य असल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप लावावा. कोळंबी गळाला लावताना डोक्यावरच्या करवती काट्याच्या बुंध्यातून गळ आडवा पार करावा आणि आत दिसणारा काळा ठिपका टाळावा, कारण तिथे इजा झाली की ती तत्काळ मरते. एक-शून्य ते तीन-शून्य या मापाचा गळ पुरतो. शिसे छिद्राचे घ्यावे आणि ते दोरीवर मोकळे सरकेल असे ठेवावे, म्हणजे मासा कोळंबी तोंडात घेऊन निघाला तरी त्याला वजन जाणवत नाही.

लीडरविषयी, म्हणजे गळाला लागून असलेल्या दोरीच्या जाड तुकड्याविषयी, कंजुषी करू नये. रावसाचे दात वामेसारखे लांब आणि टोकदार नसतात, तथापि त्याच्या जबड्याचा पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत असतो आणि झुंज लांबली तर बारीक तंगूस घासून तुटतो. तीस ते चाळीस पौंडांचा हातभर लीडर, त्यामागे वीस-तीस पौंडांची ब्रेडेड लाईन, आठ-नऊ फुटी रॉड आणि चार हजार मापाची रील एवढे साहित्य पुष्कळ झाले. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू देणारा ब्रेक, सैलसर ठेवावा, कारण रावस लागल्याबरोबर एक लांब धाव घेतो, मधेच पाण्याबाहेर उसळतो, आणि त्या वेळी घट्ट ओढून धरणाऱ्याच्या हाती रिकामा गळ येतो.

कृत्रिम आमिषे वाईट नाहीत. सकाळच्या धूसर उजेडात, बोयटे पृष्ठभागावर उधळताना दिसली की चकचकीत जिग किंवा रबरी कोळंबी त्यांच्या पलीकडे फेकून मध्यम वेगाने ओढत आणावी. तुमच्या मित्राने अलास्कात चमचे आणि फिरक्या अशी धातूची चमकती आमिषे वापरली असतील तर त्याच्या हाताला ती सवय असणारच. तेव्हा त्याला ते करू द्यावे आणि उरलेल्या तिघांनी कोळंबी लावून थांबावे, म्हणजे संध्याकाळी वाद मिटवायला पुरावा हाती राहील.

मिऱ्याची यांचे उत्तर :

माझ्या माहेरी रापणीचा आणि सासरी यांत्रिक होडीचा व्यवसाय आहे, त्यामुळे होडीच्या प्रश्नाचे उत्तर मी देते. घेऊ नका. खाडीच्या तोंडाशी जिथे वाळूचा दांडा असतो तिथे ओहोटीचे बाहेर जाणारे पाणी आणि समुद्राची आत येणारी लाट समोरासमोर येतात. अशा वेळी आखूड आणि उभ्या लाटा तयार होतात, आणि बाहेर पडताना सोपी वाटलेली वाट परत येताना बंद झालेली असते. तिथली माणसे ज्या वेळेला होडी बाहेर काढत नाहीत त्या वेळेला पाहुण्यांनी जिद्द करू नये. खाडीच्या आत, पुलाच्या वरच्या अंगाला, गावातल्याच माणसाची होडी त्याच्यासकट ठरवून फिरायला काही हरकत नाही, मात्र चौघांनीही लाइफ जॅकेट अंगात घातलेले असावे, होडीत ठेवलेले नसावे.

दांड्यावर उभे राहण्यातला धोका वर कोणी लिहिला नाही म्हणून सांगते. भरती समुद्राकडून तुमच्या पायांशी येईल अशी वाट पाहत तुम्ही उभे असता, आणि ती तुमच्या पाठीमागच्या चरातून आधी भरते. दांडा अजून कोरडा असतो, पण दांडा आणि किनारा यांच्या मधे कमरेएवढे वाहते पाणी झालेले असते. म्हणून चौघांपैकी एकाने आळीपाळीने पाठीमागचा चर बघत राहावे, चराच्या काठावर एक काठी रोवावी, आणि पाणी काठीला लागले की मासा लागलेला असला तरी सर्वांनी निघावे.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत पुढे न्यावेत, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकून जाते. शेंगटी किंवा शिंगाळा गळाला लागला तर त्याला उघड्या हाताने धरू नये. त्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा तास ते तासभर बुडवून ठेवावा, त्याने वेदना पुष्कळ कमी होतात, आणि काट्याचा तुकडा आत राहिल्याची शंका असल्यास डॉक्टरांना दाखवावे. यासाठी थर्मासात चहाबरोबर साधे गरम पाणीही न्यावे. कातळाला चिकटलेली धारदार शिंपांची कालवे असतात, अनवाणी चढू नये.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती इथे आली पाहिजे. ज्या जागेला तुम्ही निर्जन म्हणता ती गावातल्या लोकांची रोजची कामाची जागा असते. कोणी तिथे पहाटे जाळे लावून गेलेले असते, कोणी ओहोटीला तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढायला येणार असते. पाण्यात तरंगणाऱ्या बोयांच्या रांगेजवळ गळ फेकू नये, जाळ्यात गळ अडकला तर दोरी कापून द्यावी, जाळे ओढू नये. आदल्या दिवशी गावात जाऊन आम्ही उद्या अमुक ठिकाणी बसणार आहोत असे सांगितले तर कोणी अडवत नाही, उलट मासा कुठे फिरतो आहे ते कळते. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि डिसेंबर त्यांच्याच हंगामात पडतो, तेव्हा अंधार पडल्यावर वाळूवर शेकोटी आणि प्रखर दिवे नकोत. तुटलेला तंगूस वाळूत टाकून येणे तर अक्षम्य आहे.

मासे किती ठेवावेत हे तुमच्या मनावर आहे. रावस वयाने लहान असताना नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठा रावस ही बहुतेक करून अंड्यांवर येणारी मादी असते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, त्यामागे लहान माशाला एकदा तरी प्रजोत्पादन करू द्यावे हा विचार आहे. हौशी माणसाने त्याला जोडून फार मोठा मासाही सोडला तर बिघडत नाही. चौघांच्या जेवणाला किलो-दीड किलोचे दोन रावस पुरतात. सोडायचा असेल तर पाण्यातच गळ काढावा. हा मासा नाजूक आहे, फोटोसाठी वाळूवर ठेवून मग सोडलेला रावस बहुधा जगत नाही.

कातळसडा यांनी लिहिले :

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. होडीचा विचार सोडून दिला आहे. आमच्या जहाजावरच्या मित्राला ही चर्चा वाचून दाखवली तेव्हा त्याने एक मुद्दा मांडला, तो त्याच्याच शब्दांत देतो : “मासा समुद्रातून नदीत चढतो, मग मुखावर वाट पाहण्यापेक्षा नदीने दहा-बारा किलोमीटर वर जाऊन एखाद्या अरुंद जागी उभे राहिले तर तो आपोआप समोरून जाईल. अलास्कात आम्ही तेच करतो.” याला काय उत्तर द्यावे?

शास्त्रीकाठ यांचे उत्तर :

तुमच्या मित्राचे निरीक्षण सॅमनच्या बाबतीत अचूक आहे, आणि रावसाच्या बाबतीत ते लागू का पडत नाही हे समजून घेण्यासारखे आहे.

अलास्कात प्रशांत महासागरातील सॅमनच्या पाच जाती आढळतात. ते मासे गोड्या पाण्यात जन्मतात, समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी वासाच्या खुणेवरून आपल्याच नदीत परत येतात. ही त्यांची एकदाच होणारी आणि एकाच दिशेची यात्रा असते, कारण अंडी घातल्यावर त्या पाचही जातींचे मासे मरतात. नदीत शिरल्यानंतर ते खाणे जवळजवळ बंद करतात आणि अंगातल्या चरबीवर उरलेला प्रवास करतात. त्यामुळे त्यांच्या वाटेवरची अरुंद जागा शोधणे, तिथे थव्याची वाट पाहणे आणि चमकत्या आमिषाने त्यांना डिवचणे ही तिथली रीत योग्यच आहे. थवा आला की तो येतच राहतो, आणि तिथला पकडणारा माणूस घड्याळापेक्षा दिनदर्शिकेकडे अधिक बघतो.

रावस मुळात समुद्राचा आणि खाडीच्या मचूळ पाण्याचा मासा आहे. तो खाडीत येतो तो खाण्यासाठी, आणि ज्या पाण्याबरोबर येतो त्याच पाण्याबरोबर काही तासांनी निघून जातो. ठरावीक ठिकाणी जाऊन पोहोचण्याची त्याला गरज नसल्यामुळे कोणत्याही अरुंद जागेतून त्याला जावेच लागेल असे नाही. जिथपर्यंत खारे पाणी आणि कोळंबी असेल तिथपर्यंतच तो फिरतो. डिसेंबरमध्ये नदीचा गोडा ओघ आटलेला असल्यामुळे खारे पाणी बरेच आत जाते हे खरे, आणि एखादा रावस वर सापडेलही, पण चौघांचा संपूर्ण दिवस त्या भरवशावर लावणे मला पटत नाही. रावस भुकेला असतो, तेव्हा त्याला डिवचण्याची आवश्यकता नाही, त्याच्या जेवणाच्या वेळेला त्याचे जेवण त्याच्यासमोर असले म्हणजे झाले. ती वेळ दिवसातून दोन-तीन तासांची असते आणि ती रोज पुढे सरकते.

मित्राला एवढे मात्र अवश्य सांगावे की मुखापासून वर जाण्याची त्याची हौस ‘तंगूस’ यांनी सुचवलेल्या ओहोळाच्या तोंडाशी भागू शकेल. तिथे तो एकटा जाणार असेल तर मात्र कोणीतरी सोबत असू द्यावे. गुडघाभर दिसणारा चिखल मांडीपर्यंत कधी जातो हे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. तिवरांत वाट काढण्यासाठी फांदी तोडू नये, कांदळवनाला कायद्याने संरक्षण आहे.

कातळसडा यांनी लिहिले :

मित्राला उत्तर पटले आहे, निदान त्याने विषय बदलून जेवणाकडे नेला आहे. कॅलेंडर पाहिले असता आमच्या सुट्टीत एकादशी शनिवारी येते आहे. त्यामुळे पहाटे रत्नागिरीहून निघून साडेसातपर्यंत जागेवर पोहोचणे, सव्वाआठची भरती पाहून मुखावर साडेदहा-अकरापर्यंत थांबणे, मग सावलीत जेवण, आणि अडीचच्या ओहोटीनंतर तीन ते साडेपाच दांड्याच्या बाहेरच्या कडेला, असा दिवस आखला आहे. मासा किनाऱ्यावरच शिजवावा की रत्नागिरीला आणावा याविषयी मतभेद आहेत.

मिऱ्याची यांचे उत्तर :

सकाळी लागलेला मासा किनाऱ्यावर आणि संध्याकाळचा घरी, असे करा. निघताना जेटीवरून बर्फाचा चुरा घ्या आणि थर्माकोलच्या पेटीत न्या. मासा मेल्याबरोबर कल्ले आणि आतडी काढून, खाडीच्या पाण्याने नव्हे तर बरोबर नेलेल्या स्वच्छ पाण्याने धुऊन बर्फात ठेवावा. रावसाचे मांस जाड असल्यामुळे तुकड्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या कापाव्यात, त्यांना मीठ, हळद, मिरचीपूड आणि कोकमाचे आगळ लावून अर्धा तास ठेवावे आणि तव्यावर मंद आचेवर भाजावे. लसूण ठेचून घातलात तर चालेल, पण आले-लसणाची बाजारातली पेस्ट आणि गरम मसाला यांनी ताज्या रावसाची चव मारली जाते. मुंडी फेकू नका, तिचे कालवण संध्याकाळी घरी करा. स्टोव्ह न्यावा, वाळूवरची सुक्या सुरूची पाने फार लवकर पेट घेतात.

तंगूस यांचे उत्तर :

आखणी उत्तम आहे, वेळेत मात्र एक दुरुस्ती सुचवतो. पाऊणपटीचा हिशोब अंदाजापुरता आहे. निघण्यापूर्वी भरतीचा तक्ता पाहावा, आणि तो रत्नागिरीचा असावा. मोबाइलवर बहुधा मुंबईचा तक्ता आधी समोर येतो, पण आपल्या किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळे रत्नागिरीची भरती मुंबईच्या आधी होते आणि पाण्याची चढउतारही मुंबईपेक्षा बरीच कमी असते. मुंबईची वेळ धरून गेलात तर ओहोटीचा पहिला, सर्वांत चांगला भाग तुम्ही चहा पीत घालवाल. शिवाय एका दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून तक्त्यात वेळेबरोबर उंचीचा आकडाही पाहून ठेवा. संध्याकाळची भरती सकाळच्या मानाने मोठी दाखवत असेल तर मागचा चर लवकर भरेल, आणि साडेपाचऐवजी पाचलाच दांडा सोडावा लागेल.